नाव, यंत्र आणि वारस
(जुन्या घड्याळ-घराण्यांच्या पुनरुज्जीवनासंबंधी काही विचार)

घड्याळ हे वेळ दाखविण्याचे साधन आहे, ही व्याख्या कोणालाही मान्य होईल. परंतु जुनी घड्याळे जमविणाऱ्या माणसांना ती पुरी पडत नाही. वेळ दाखविण्याचे काम आज खिशातला मोबाइल अधिक अचूकपणे करतो. तरीही साठ वर्षांपूर्वीचे चावीचे घड्याळ मिळविण्यासाठी ही माणसे पदरमोड करतात, तबकडीवरील अक्षरांचे वळण भिंगातून तपासतात आणि ते घडविणाऱ्या कंपनीची वंशावळ तोंडपाठ ठेवतात. एखादी बंद पडलेली जुनी कंपनी नव्या मालकाने पुन्हा सुरू केली, की या संग्राहक मंडळींत आनंद आणि संताप एकाच वेळी उसळतो. वरवर पाहणाऱ्याला हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. प्रस्तुत लेखात मला असे दाखवायचे आहे, की या वादाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. तो असा : नाव विकत घेता येते, वारसाही विकत घेता येतो काय?

विवेचनासाठी मी फावर-ल्यूबा हे स्विस घराणे निवडले आहे. आपल्याकडे 'फेवर लुबा' या उच्चाराने ते परिचित आहे आणि त्याच्या इतिहासात मुंबईला मोठे स्थान आहे.

एका नावाचा प्रवास

स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या डोंगरी गावात आब्राहम फावर हा घड्याळजी १७३७ मध्ये काम करीत होता. कंपनी आपला जन्म त्याच वर्षापासून मोजते. पुढे १८१५ मध्ये फावर आणि ल्यूबा ही दोन घराणी व्यवसायात एकत्र आली आणि आजचे जोडनाव तयार झाले. १८६५ च्या सुमारास फ्रिट्झ फावर यांनी हिंदुस्थानची बाजारपेठ धुंडाळली. तेव्हापासून मुंबई हे या कंपनीचे पूर्वेकडील महत्त्वाचे ठाणे बनले. विसाव्या शतकात 'सी चीफ' व 'सी किंग' ही तिची घड्याळे आपल्याकडील मध्यमवर्गीय माणसाच्या मनगटावर दिसू लागली.

ही कंपनी केवळ विक्रीत हुशार होती असे नाही. १९६२ मध्ये तिने 'बिव्हॉक' नावाचे मनगटी घड्याळ काढले. त्यात हवेचा दाब मोजणारी पातळ धातूची हवाबंद डबी बसविलेली होती. गिर्यारोहक जसजसा उंच चढेल तसतसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डबी किंचित फुगते आणि तिला जोडलेला काटा उंची दाखवितो. तीन हजार मीटरपर्यंतची उंची त्यावर वाचता येई. त्याच दशकात पाणबुड्यांसाठी खोली दाखविणारे 'बॅथी' हे घड्याळही तिने तयार केले.

यानंतर मात्र काळ फिरला. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झवर चालणारे मनगटी घड्याळ टोकिओत विक्रीस ठेवले. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. इतक्या नियमितपणाशी चावीच्या यंत्राला स्पर्धा करणे अशक्य होते. स्वित्झर्लंडमधील अनेक कारखाने बुडाले. १९८० च्या दशकात फावर-ल्यूबाही मूळ कुटुंबाच्या हातून गेली आणि तिचे नाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले. २०११ मध्ये आपल्या देशातील टायटन कंपनीने ते सुमारे २० लाख युरोंना घेतले. २०१६ पासून नवी घड्याळे बाजारात आली. पण हा प्रयत्न फार काळ टिकला नाही. २०२३ मध्ये नाव पुन्हा विकले गेले. या वेळी ते घड्याळांच्या तबकड्या व काटे बनविणारी केडीडीएल आणि घड्याळविक्री करणारी इथॉस या भारतीय उद्योगसमूहाशी संबंधित स्विस कंपनीकडे गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हा येथे या घराण्याचे पुन्हा एकदा पुनरागमन झाले.

संग्राहकांमधील दोन तट

या पुनरागमनांकडे पाहण्याचे दोन प्रमुख दृष्टिकोन संग्राहकांत आढळतात.

पहिला पक्ष स्वागत करणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे, की नाव मेले की त्याची आठवणही हळूहळू मरते. कंपनी पुन्हा उभी राहिली, तर निदान जुन्या घड्याळांकडे लोकांचे लक्ष जाईल, त्यांचा इतिहास लिहिला जाईल आणि नव्या पिढीला त्यांची ओळख होईल. २०२४ मधील नव्या घड्याळांत 'चीफ', 'डीप ब्लू', 'सी स्काय' अशी जुनी नावे व जुनी वळणे परत आणली गेली, याचा या पक्षाला विशेष आनंद झाला. टायटनच्या काळात आलेले 'रेडर बिव्हॉक ९०००' हे घड्याळ नऊ हजार मीटरपर्यंतची उंची मोजीत असे. म्हणजे एव्हरेस्टही त्याच्या आवाक्यात होते. पण त्याचा व्यास ४८ मिलिमीटर होता. ज्यांचे प्रेम आजोबांच्या लहानशा, चपट्या सी चीफवर जडले होते, त्यांना हे धूड आपल्या घरातले वाटणे कठीणच होते.

दुसरा पक्ष शंका घेणाऱ्यांचा. ते विचारतात : जाहिरातीत '१७३७ पासून' असे छापताना मधल्या रिकाम्या वर्षांचे काय करायचे? कुटुंब गेले, कारागीर पांगले, यंत्रे बाहेरच्या कारखान्यांतून आली. मग उरले काय? केवळ तबकडीवरची अक्षरे. त्यातच जे घड्याळ एके काळी पगारदार माणसाला घेता येई, त्याच्या नव्या अवताराची किंमत आता लाख रुपयांच्या पुढे गेली आहे. नाव तेच असले तरी ज्या माणसांसाठी ते होते ती माणसे बाहेर राहिली, असा त्यांचा आक्षेप आहे.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु निवाडा करण्यापूर्वी एका तिसऱ्या घड्याळाकडे पाहिले पाहिजे. तेही मुंबईचेच आहे.

'मुंबई स्पेशल'

जगभरच्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' हा शब्द हेटाळणीने वापरला जातो. जुन्या फावर-ल्यूबा, एचएमटी वा अन्य घड्याळाचे मूळ यंत्र घ्यायचे, ते साफ करून चालू करायचे, तबकडी भडक रंगाने नव्याने रंगवायची, मिळेल ती केस बसवायची आणि स्वस्तात विकायचे, असा हा व्यवहार आहे. मूळ कंपनीने कधी स्वप्नातही पाहिल्या नसतील अशा नारिंगी नि जांभळ्या तबकड्यांवर तिचे नाव झळकते. असे घड्याळ 'अस्सल' म्हणून गळ्यात बांधणे ही फसवणूक आहे, यात दुमत नाही.

परंतु येथे एक गमतीदार विरोध दिसतो. मुंबई स्पेशलचा चेहरा खोटा आहे, पण आतले यंत्र त्या जुन्या कारखान्यातले, खरे आहे. पुनरुज्जीवित घड्याळाचा चेहरा कायद्याने खरा आहे, पण आतल्या यंत्राचा जुन्या कारखान्याशी काही संबंध नाही. एकाकडे देह आहे, दुसऱ्याकडे नाव आहे. मग खरे कोणते?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या वर्षांत कंपनीला धनी नव्हता, सुटे भाग येत नव्हते, त्या वर्षांत ही जुनी घड्याळे चालू कोणी ठेवली? रस्त्याच्या कडेला काचेची पेटी मांडून, डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या घड्याळजींनी. एका मेलेल्या घड्याळाचे चाक काढून त्यांनी दुसऱ्यास बसविले, तुटलेली स्प्रिंग बदलली, तेल घातले. या कारागिरांचा त्या नावावर कायद्याने कवडीचाही हक्क नव्हता. पण घराण्याची सेवा त्यांनीच केली. तबकडी खोटी रंगविणारा आणि यंत्र जिवंत ठेवणारा हे कित्येकदा एकाच गल्लीत बसत असतील. तरीही त्यांचे काम एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही.

दत्तकाचा दाखला

हा पेच सोडविण्यासाठी आपल्याच परंपरेतील एक संस्था उपयोगी पडते. ती म्हणजे दत्तकाची. रक्ताचा संबंध नसताना मुलगा घराण्याचा वारस होऊ शकतो, हे आपल्या समाजाने पूर्वीपासून मान्य केले आहे. १८४८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा केले, तेव्हा आपल्या लोकांना तो अन्याय वाटला, तो याच कारणाने. म्हणून 'मूळ कुटुंब नाही, तर घराणे संपले' हा शंकेखोरांचा मुद्दा आपल्याला तरी पटण्याजोगा नाही.

मात्र दत्तकाला एक अट असते. धर्मशास्त्राप्रमाणे पिंड हा गोत्र आणि संपत्ती यांच्या मागोमाग जातो. म्हणजे जो नाव व धन घेतो, त्याच्यावर पूर्वजांचे ऋण फेडण्याची जबाबदारी येते. शास्त्र बाजूला ठेवले तरी शेतकऱ्याच्या घरात हे सर्वांना ठाऊक असते. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागते, तेव्हा जमिनीबरोबर इतर हक्कांतला सोसायटीचा बोजाही तसाच उभा राहतो. 'जमीन माझी, बोजा बापाचा' असे म्हणता येत नाही.

ही कसोटी घड्याळ-घराण्यांना लावून पाहू.

ब्लँकपेन ही १७३५ पासून आपला इतिहास सांगणारी कंपनी. १९३२ मध्ये कुटुंबातील शेवटचे मालक वारले, तेव्हा तिथेच वर्षानुवर्षे काम करणाऱ्या बेटी फिश्टर यांनी एका सहकाऱ्यासह ती विकत घेतली. कुटुंबातील कोणी उरले नसल्याने त्या वेळच्या कायद्याप्रमाणे त्यांना जुने नाव चालविता येईना. म्हणून त्यांनी व्हिलरे या गावाच्या नावातील अक्षरे उलटसुलट करून 'रेव्हिल' असे नाव घेतले. येथे माणसे, कारखाना, कसब सारे तेच होते. फक्त नाव नव्हते. उलट १९८० च्या दशकाच्या आरंभी झाँ-क्लोद बिव्हर आणि जाक पिगे यांनी झोपी गेलेले ब्लँकपेन हे नाव सुमारे २२,००० स्विस फ्रँकना घेतले व दुसऱ्याच गावी, ल ब्रासू येथे, काम सुरू केले. येथे फक्त नाव होते. बाकी सारे नवे. या दोन प्रसंगांतील खरा वारस कोणता, यावर संग्राहक आजही वाद घालतात. तरी बिव्हर-पिगे यांनी यांत्रिक घड्याळाशिवाय दुसरे काही बनवायचे नाही असे ठरविले आणि क्वार्ट्झच्या भर लाटेत ते पाळले. त्यामुळे लोपत चाललेल्या कसबाला आधार मिळाला, हे टीकाकारही नाकारत नाहीत.

याहून बोलके उदाहरण जर्मनीतील ए. लांग अँड झोने या घराण्याचे आहे. फर्डिनांड आडॉल्फ लांग यांनी ७ डिसेंबर १८४५ रोजी ग्लासह्युटे गावी ते स्थापन केले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये पूर्वेकडील सोव्हिएत अंमलाखालील राजवटीने ते ताब्यात घेतले आणि पुढे नावही पुसले गेले. जर्मनी एक झाल्यावर संस्थापकांचे पणतू वॉल्टर लांग यांनी गुंटर ब्ल्यूमलाइन यांच्या साहाय्याने ७ डिसेंबर १९९० रोजी, बरोबर १४५ वर्षांनी, त्याच गावी कंपनीची पुन्हा नोंदणी केली. पहिली चार घड्याळे लोकांसमोर आली ती २४ ऑक्टोबर १९९४ रोजी. पुढे २००१ मध्ये या कारखान्यात एक गंजून गेलेले खिशातील घड्याळ आले. ते क्रमांक ४२५०० चे होते आणि १९०२ मध्ये विकले गेले होते. कारागिरांनी कित्येक वर्षे खपून ते दुरुस्त केले. त्या घड्याळापासून स्फूर्ती घेऊन २०१३ मध्ये कंपनीने तशाच गुंतागुंतीचे मनगटी घड्याळ घडविले. आधी पूर्वजाचे ऋण फेडले, आणि ते फेडताना हरवलेले कसब हाती आले, असा हा क्रम आहे. संग्राहकांनी या पुनरुज्जीवनाला इतरांपेक्षा अधिक मान दिला, त्याचे मर्म मला यात दिसते. केवळ पणतू हजर होता एवढ्याने तो मान मिळाला नसता.

समारोप

या सर्व विवेचनावरून असे म्हणता येईल, की संग्राहकांचे दोन्ही पक्ष चुकीच्या जागी पुरावा शोधीत आहेत. एक पक्ष जुन्या आकृतीकडे पाहतो, दुसरा खंडित सनावळीकडे. परंतु आकृतीची नक्कल कोणालाही करता येते आणि सनावळी खंडित झाली म्हणून वारसा संपत नाही. वारस ओळखण्याची खूण एकच : जुने घड्याळ घेऊन माणूस त्याच्या दारात गेला, तर तो काय करतो? त्याच्यासाठी सुटा भाग घडवितो काय? जुन्या नोंदी शोधून देतो काय? की 'ते आमच्या काळातले नाही' म्हणून नवे घड्याळ पुढे करतो?

फावर-ल्यूबाच्या नव्या धन्यांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो विचारण्याचा अधिकार आपल्या देशातील लोकांना विशेष आहे. या घराण्याची जुनी घड्याळे येथील कपाटांत, पेट्यांत आणि मनगटांवर आजही आहेत. ती चालू ठेवणारे हातही येथेच आहेत, जरी ते दिवसेंदिवस कमी होत चालले असले तरी. नव्या मालकांनी या घड्याळजींना हाताशी धरले, त्यांना भाग पुरविले, त्यांच्या हाताखाली चार मुले तयार केली, तर '१७३७' हा आकडा छापण्याचा हक्क त्यांना खुशाल द्यावा. तसे झाले नाही, तर त्या आकड्यापेक्षा गल्लीतल्या घड्याळजीच्या काचेच्या पेटीत त्या घराण्याचा अंश अधिक आहे, असेच म्हणावे लागेल.