आकडीचे औषध : दुष्परिणाम ओळखा, औषध तोडू नका

अपस्मार, म्हणजेच फेफरे, मिरगी किंवा आकडी, हा मेंदूचा विकार आहे. योग्य औषध नियमित घेतल्यास दर दहांपैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात. मात्र हे उपचार बहुधा काही वर्षे चालतात. त्या काळात मुलामध्ये काही बदल दिसताच पालक घाबरून औषध बंद करतात. खरा धोका येथेच असतो.

प्रत्येक औषधाचे दुष्परिणाम वेगळे असतात. १९१२ पासून वापरात असलेल्या फिनोबार्बिटोनमुळे काही मुले सुस्तावतात, तर काही उलट चिडखोर व अतिचंचल होतात. फेनिटॉइनमुळे हिरड्या सुजतात. मात्रा जास्त झाल्यास चालताना तोल जातो. दात रोज स्वच्छ घासल्याने हिरड्यांचा त्रास कमी राहतो. व्हॅल्प्रोएटमुळे वजन वाढणे, केस गळणे, हात कापणे असे त्रास संभवतात. ते गर्भास घातक ठरू शकत असल्याने वयात येणाऱ्या मुलींना शक्यतो अन्य औषध दिले जाते. लेव्हेटिरासिटाममुळे स्वभाव चिडका होऊ शकतो.

यांपैकी बरेच त्रास मात्रा कमी केल्याने किंवा औषध बदलल्याने आटोक्यात येतात. परंतु तो निर्णय डॉक्टरांचाच असावा. औषध अचानक थांबविल्यास झटके पुन्हा सुरू होतात व कधी लागोपाठ येऊन प्राणावर बेततात. पाच मिनिटांहून अधिक काळ चाललेला झटका तातडीचा समजून मुलास त्वरित रुग्णालयात न्यावे.

काही लक्षणांत मात्र विलंब करू नये. अंगावर पुरळ, तोंडात फोड व ताप, ही लक्षणे विशेषतः कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसल्यास, तसेच वारंवार उलट्या, डोळे पिवळे होणे किंवा न उतरणारी गुंगी आढळल्यास, पुढील मात्रा देण्यापूर्वी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शिक्षकांचे साहाय्य येथे मोलाचे ठरते. औषध घेणारा विद्यार्थी वर्गात पेंगू लागला, त्याचे अक्षर बिघडले किंवा तो विनाकारण भांडू लागला, तर त्यास आळशी वा उद्धट ठरवून शिक्षा करू नये, पालकांस कळवावे. पालकांनी झटक्यांची तारीख, औषधाची वेळ व दिसलेले बदल एका वहीत लिहून ठेवावेत आणि प्रत्येक तपासणीस ती वही सोबत न्यावी. औषध संपण्यापूर्वीच नवे आणून ठेवावे. औषध बंद करण्याची वेळ आली, तरी डॉक्टर ते हळूहळूच कमी करतात, हे घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावे.