नॉर्वेजियन जोडशब्द : कुठे तोडायचा, कुठे जोर द्यायचा?



नॉर्वेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना लांबलचक शब्दांची धास्ती वाटते. खरं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपल्या सामासिक शब्दांसारखेच ते जोडून लिहिलेले असतात.

उदाहरणार्थ, 'बार्नेहागे'. 'बार्न' म्हणजे मूल, 'हागे' म्हणजे बाग. मधला 'ए' फक्त जोडणारा. अर्थ झाला बालवाडी! बोलताना चार तुकडे होतात : बार-ने-हा-गे. पण अर्थाचे तुकडे दोनच : बार्ने + हागे. म्हणून आधी अर्थाचा सांधा शोधा, मग उच्चाराचे तुकडे पाडा. 'बिल्डेरामे' (चित्राची चौकट) हा शब्द बिल्डे + रामे असा फोडायचा. 'बिल' म्हणजे मोटार, म्हणून तिथे तोडलं तर उरलेल्या 'डेरामे'ला अर्थच नाही.

आता आघात, म्हणजे जोर. मुख्य जोर पहिल्या घटकावर, दुसऱ्यावर हलका. पण पहिला घटक म्हणजे पहिलंच अक्षर नव्हे हं! 'बानान' (केळं) या शब्दात जोर 'नान'वर आहे; म्हणून 'बानानस्काल' (केळ्याची साल) म्हणतानाही तो 'नान'वरच राहतो.

हे इतकं महत्त्वाचं का? 'लामेलोर' एका दमात, 'ला'वर जोर देऊन म्हटलं तर अर्थ होतो कोकराची तंगडी. 'लामे लोर' असं तोडून, दोन्ही शब्दांवर वेगळा जोर दिला तर अर्थ होतो लुळ्या मांड्या! तसंच 'रॉयकफ्रिट' म्हणजे धूम्रपानमुक्त, आणि 'रॉयक फ्रिट' म्हणजे खुशाल सिगारेट ओढा. पाटीवरची एक मोकळी जागा अर्थ उलटा करते.

लिहिताना आणखी एक गंमत. 'नात्त' (रात्र) + 'तोग' (रेल्वे) जोडताना लागोपाठ तीन 'त' येतात, पण लिहायचे दोनच. मात्र ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला, तर तिसरा 'त' परत येतो.

मराठी बोलताना कोणत्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ सहसा बदलत नाही. त्यामुळे आपल्या मुलांचे दोन्ही घटक सारख्याच जोरात उच्चारले जातात. ती चूक आळशीपणाची नाही, सवयीची आहे, रागावू नका.

घरी करून पाहा : पहिल्या घटकाच्या जोराच्या अक्षराला मोठी टाळी, दुसऱ्याच्या अक्षराला छोटी. रोज पाच शब्द पुरेत. आणि हो, आपणही 'पाठ्य पुस्तक' असं तोडून लिहीत नाही ना, तेही तपासून पाहू या!