हॅसप : अंतराळयानातून आपल्या मेसपर्यंत

अन्न सुरक्षित आहे की नाही हे कसं ठरवायचं? आपलं उत्तर ठरलेलं : सँपल घ्या, लॅबमध्ये टेस्ट करा. पण जे पाकीट टेस्ट होतं ते कोणी खात नाही आणि जे आपण खातो ते टेस्ट झालेलं नसतं!

१९६० च्या सुमारास अमेरिकेत हाच प्रश्न आला. नासाला अंतराळवीरांसाठी जेवण हवं होतं. यानात कोणाचं पोट बिघडलं तर डॉक्टर कुठून आणणार? हे काम पिल्सबरी या पिठाच्या कंपनीकडे आलं, सोबत लष्कराची नॅटिकची प्रयोगशाळा. पूर्ण खात्री होईपर्यंत टेस्टिंग केलं तर बहुतेक माल टेस्टिंगमध्येच संपेल, हे कंपनीच्या हॉवर्ड बाउमन यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी आपला इंजिनिअर लोकांचा रस्ता धरला. मशीन कुठे फेल होईल हे आपण आधी शोधतो, तसा प्रत्येक स्टेपला धोका शोधायचा आणि मोक्याच्या जागी कंट्रोल बसवायचा. हाच हॅसप.

दुधाचं उदाहरण घ्या. पाश्चरायझेशनमध्ये दूध किमान ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद ठेवतात. तापमान कमी पडलं की व्हॉल्व्ह फिरतो आणि दूध परत मागे जातं. म्हणजे कंट्रोल सिस्टिम्समधला फीडबॅक लूपच! शिवाय चार्टवर सतत नोंद होते.

१९७१ मध्ये अमेरिकेत बॉन व्हिव्हाँ कंपनीच्या डबाबंद सूपमधून बॉट्युलिझम होऊन एक जण दगावला. १९७२ मध्ये एफडीए या सरकारी खात्याचे इन्स्पेक्टर चक्क पिल्सबरीकडे ट्रेनिंगला गेले. १९७३ मध्ये डबाबंद अन्नाचे नियम आले ते याच विचारावर.

मग हे साटंलोटं नाही का? माझ्या मते नाही, पण एका अटीवर. प्रोसेस कंपनीला माहीत असते, कारखाना बंद करायचा अधिकार सरकारकडे असतो. दोघांना जोडते ती नोंद. इन्स्पेक्टर एक दिवस येतो, चार्ट रोजचं सांगतो. तोच चार्ट संध्याकाळी बसून अंदाजाने भरला तर मात्र सगळंच खोटं.

आपल्याकडे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे आणि त्यात मेस, कँटीनही येतात. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर बॅसिलस सेरियस वाढतो, आणि त्याचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं.

त्यासाठी लागतं काय? एक थर्मामीटर आणि एक वही. भात उतरवला कधी, वाढताना तापमान किती, कमी आलं तर काय केलं, एवढंच लिहायचं. खाली मेसवाले काका, मेस कमिटी आणि वॉर्डन सर यांच्या सह्या. भाजीत मीठ कमी म्हणून आपण रोज भांडतोच. निदान एकदा ही वही मागूया.