दोष पिस्तुलाचा की नेमबाजाचा?

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण नेमबाजी शिकणाऱ्याला हमखास ऐकावी लागते. छर्रा डावीकडे गेला की तो पिस्तुलाला दोष देतो आणि शिकवणारा ही म्हण ऐकवून मोकळा होतो. बहुतेक वेळा शिकवणाऱ्याचेच खरे असते. परंतु म्हण म्हणजे पुरावा नव्हे. अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर हिच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि तिची अंतिम फेरी हुकली. त्याच प्रकारात २०२४ साली पॅरिस येथे तिने कांस्यपदक मिळविले. तेव्हा दोष कोणाचा, हे आधीच ठरवून न टाकता तो शोधायचा कसा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार घेऊ.

या प्रकारात ४.५ मि.मी. व्यासाचा छर्रा वापरतात. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मि.मी. व्यासाचे असते आणि त्याबाहेरचे प्रत्येक वर्तुळ ८ मि.मी. रुंद. पिस्तूल एकाच हाताने धरावयाचे. नळीच्या टोकाशी पुढची साइट, म्हणजे जुन्या मराठीतील ‘माशी’, आणि मागे खाच असलेली दुसरी साइट. खाचेच्या मधोमध माशी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि दोहोंचे माथे एका रेषेत, ही झाली साइटची जुळणी.

आता थोडे गणित पाहू. दोन साइटमधील अंतर ३२० मि.मी. आहे असे समजा. लक्ष्य १०,००० मि.मी. दूर आहे. माशी खाचेत १ मि.मी. सरकली तर छर्रा सुमारे ३१ मि.मी. सरकतो, म्हणजे जवळजवळ चार वर्तुळे गेली. पाव मिलिमीटर सरकली तरी एक वर्तुळ जाते. याउलट जुळणी कायम राहून सबंध हातच १ मि.मी. हलला, तर छर्राही १ मि.मी.च हलतो. म्हणूनच नजर लक्ष्यावर न ठेवता माशीवर ठेवावी असे शिकवतात. हात थोडा हलणारच. जुळणी मोडता कामा नये.

साइटचा स्क्रू फिरवण्यापूर्वी पिस्तुलाचे सर्व स्क्रू घट्ट आहेत ना, हे पाहावे. मग साइटला हात न लावता, एकाच जातीचे छर्रे वापरून, एकाच जागी नेम धरून दहा फैरी झाडाव्यात. प्रत्येक फैरीनंतर लक्ष्याकडे पाहण्याआधी, चाप सुटला त्या क्षणी माशी कोठे होती हे आठवून छर्रा कोठे गेला असावा ते कागदावर टिपावे. ही टिपणे आणि प्रत्यक्ष छिद्रे ताडून पाहिली की बराच उलगडा होतो.

समजा, एका विद्यार्थ्याचे पहिले पाच छर्रे डावीकडे अनुक्रमे १२, ९, १४, १० आणि १० मि.मी. गेले. सरासरी ११ मि.मी. डावीकडे आणि पुंजका घट्ट. दुसऱ्याचे २० डावीकडे, १५ उजवीकडे, ४ डावीकडे, ११ उजवीकडे आणि ७ डावीकडे गेले. सरासरी फक्त १ मि.मी. डावीकडे. या दुसऱ्याने पहिला छर्रा पाहून स्क्रू फिरवला असता, तर दुसऱ्या छर्र्यानंतर तो उलट फिरवावा लागला असता. साइट पुंजक्याची जागा बदलते; पुंजक्याचा पसारा कमी करत नाही.

मग पहिल्या विद्यार्थ्याने लगेच स्क्रू फिरवावा काय? अजून नाही. चूकही नियमित असू शकते. उजव्या हाताचा नेमबाज चाप झटक्याने ओढू लागला की छर्रे बहुधा खाली डावीकडे जातात, आणि रोज तसेच ओढले तर तेथे पुंजकाही जमतो. अशा वेळी साइट उजवीकडे नेली तर दोष झाकला जातो; पुढे चाप नीट ओढता येऊ लागला की छर्रे उजवीकडे जाऊ लागतात.

ही शंका फेडण्याचे उपाय सोपे आहेत. छर्रा न भरता चाप ओढून पाहावा. माशी हलली तर दोष बोटाचा. काडतुसाच्या पिस्तुलात प्रशिक्षकाने न सांगता मधूनच नकली काडतूस भरावे. स्फोट नसतानाही नळी खाली झुकली तर नेमबाज दचकतो आहे हे उघड होते. तेच पिस्तूल एका जाणत्या नेमबाजाच्या हाती द्यावे. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पुंजक्याचा पसारा पाहावा. टेकवूनही छर्रे विखुरले तर पिस्तूल किंवा छर्रे तपासावेत. मात्र टेकवून साइट कायम करू नये, कारण हातात धरल्यावर पुंजक्याची जागा बदलू शकते.

एवढे झाल्यावरही पुंजका एकाच बाजूला राहिला, तर खुशाल साइट बदलावी. नियम असा : छर्रा ज्या दिशेला न्यायचा, त्या दिशेला मागची साइट सरकवावी. स्क्रूवरील खुणांचा अर्थ सर्व पिस्तुलांत एकच नसतो. म्हणून दहा ‘टिक’ फिरवून पुंजका किती व कोणीकडे सरकला ते मोजावे आणि त्यावरून हिशेब करावा. पुन्हा दहा फैरी झाडून खात्री करावी, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एकदा.

महाविद्यालयात किंवा क्लबात एकच पिस्तूल अनेकांच्या हाती असते. प्रत्येकाची पकड आणि डोळा वेगळा, त्यामुळे एकाला जुळलेली साइट दुसऱ्याला जुळेलच असे नाही. पिस्तुलासोबत एक वही ठेवावी आणि कोणी, केव्हा, किती ‘टिक’ कोणत्या दिशेला फिरवले याची नोंद करावी. ती नसेल तर एकाने केलेला बदल दुसऱ्याला स्वतःची चूक वाटतो, आणि जी चूक त्याने केलेलीच नाही ती सुधारण्यात त्याचा महिना जातो.