मनात आलं म्हणजे पाप झालं का?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ४३

मागच्या आठवड्यात लातूरला गेलो होतो. ओळखीतल्या घरचा एक मुलगा तिथं खोली करून राहतो. पदवी झाली, आता स्पर्धा परीक्षेची तयारी चाललीय. मला सोडायला स्टँडपर्यंत आला आणि मान खाली घालून म्हणाला, "काका, एक विचारू का? रोज सकाळी जप करायलोय. पण माळ हातात घेतली की नेमकं नको तेच मनात येतं. बाईचा विचार येतो. मी लई वाईट आहे का? माळ सोडून देऊ का?"

नांदेडची गाडी लागली होती. घाईत एवढंच म्हणालो, "माळ सोडू नको बाळा." राहिलेलं उत्तर आज लिहितो, कारण हा प्रश्न काही त्याच्या एकट्याचा नाही.

बघा, अर्जुनाचा प्रश्न हाच आहे. माणसाची इच्छा नसते, तरी कुणी मागून ढकलल्यासारखा तो पापाकडं जातो. हे ढकलणारं कोण? यावर भगवंत अर्जुनाला ‘तू वाईट’ असं म्हणत नाहीत. ते शत्रूचं नाव सांगतात. आणि इथं वाचताना आपण एक गोष्ट सोडून देतो. नाव एक नाही, दोन आहेत : काम आणि क्रोध. दोघंही रजोगुणातून जन्मलेले. ज्ञानेश्वर माउलींनीसुद्धा या ठिकाणी दोघांना जोडीनंच धरलंय. ज्ञानाच्या ठेव्यावर बसलेले साप म्हणून दोघांनाही ओळखायला सांगितलंय.

आपण काय करतो? कामाला पाप म्हणतो आणि क्रोधाला ‘स्वभाव’ म्हणतो.

हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या माहूरगडावर चला. रेणुकामातेची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भागवतात येतं की ती होमासाठी पाणी आणायला गेली. तिथं गंधर्वांचा राजा चित्ररथ अप्सरांबरोबर पाण्यात खेळत होता. ती बघत राहिली आणि होमाच्या वेळेचं भान राहिलं नाही. तिच्या मनातल्या ओढीसाठी भागवतकारांनी शब्द वापरलाय ‘किंचित’. फक्त किंचित! तिनं काही केलं नाही. घागर घेऊन ती घरीच आली.

पुढं काय झालं ते महाभारताच्या वनपर्वात वाचा. जमदग्नी ऋषी संतापले. चार मुलांना एकेक करून आज्ञा केली, आईला मारा. त्यांच्यानं ते झालं नाही. शाप मिळून ते पशुपक्ष्यांसारखे बेभान झाले. मग परशुराम आले आणि त्यांनी परशू चालवला. आता तुम्हीच हिशोब करा. काम क्षणभर आला आणि गेला. त्यानं कुणाला इजा केली नाही. क्रोध आला तेव्हा एका घरातल्या पाच जणांची वाट लागली.

ऋषींना दोष द्यायची आपली पायरी नाही. महाभारतच पुढं सांगतं की त्यांचा राग अचानक ओसरला आणि त्यांनी मुलाला वर मागायला सांगितलं. परशुरामांनी आधी काय मागितलं? आई जिवंत व्हावी आणि आपल्याला मारलं होतं ही आठवणसुद्धा तिला राहू नये. भाऊ पूर्ववत व्हावेत. युद्धातला विजय त्यांनी नंतर मागितला.

आणि आपल्या लोकांनी काय केलं? जिच्या मनात क्षणभर काही आलं, तिलाच आई म्हटलं. साडेतीन पीठांमध्ये माहूरला पूर्ण पीठाचा मान दिला. गडावर आईचा तांदळा आहे, फक्त मुख. प्रसाद कशाचा? कुटलेल्या विड्याचा, तांबूलाचा. विडा ही संसाराची, प्रेमाची खूण. ती आईच्या मुखी लावून आपण घरी आणतो. पण घरात बायकोचा, बहिणीचा मोबाईल हिसकावून घेताना, नुसत्या संशयावरून हात उगारताना ही कथा कुणाला आठवते? तेव्हा आपण धर्म राखत नसतो, दुसऱ्या शत्रूची चाकरी करत असतो.

मग काम आला तर येऊ द्यावा, असं म्हणायचं का? नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२-६३) पायऱ्या सांगितल्यात. विषयाचं चिंतन, मग ओढ, मग काम, मग क्रोध आणि शेवटी बुद्धीचा नाश. मनात येणं वेगळं आणि त्याला पाट टाकून बसवणं वेगळं. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर नको ते बघत बसणं म्हणजे पाट टाकणंच. पाचव्या अध्यायात (श्लोक २३) भगवंत म्हणतात, काम-क्रोधाचा वेग जो सोसू शकतो तो योगी, तोच सुखी. वेग येतच नाही तो योगी, असं म्हटलेलं नाही. सोसायचं म्हटल्यावर वेग येणार हे धरलेलंच आहे.

आणि सातव्या अध्यायात (श्लोक ११) तेच भगवंत सांगतात की धर्माला धरून असलेला काम मीच आहे. म्हणून लग्नाच्या नात्यातल्या ओढीची लाज नको. तिथंही धर्म म्हणजे काय? समोरच्याची मर्जी, दिलेला शब्द आणि नंतरची जबाबदारी. यातलं एक जरी सुटलं, तर लग्न झालेलं असूनही तो काम धर्माचा राहत नाही.

तर बाळा, तुझ्यासाठी एवढंच. विचार आला की त्याच्याशी भांडू नको आणि त्याला बसवूनही घेऊ नको. स्वतःवर चिडू नको, तो चिडलेला माणूसही क्रोधाचाच. बोटाखालचा मणी पुढं सरकव.

आजचा बोध : मनात येणं हे पाप नाही, त्याला थारा देणं आपल्या हातात आहे. आणि दुसऱ्याच्या मनाचा न्याय रागानं करू नये.

प्रार्थना : आई रेणुके, माझा वेग मला सोसू दे. माझ्या घरात माझ्या रागाची भीती कुणाला वाटू देऊ नको.

उदो उदो! राम कृष्ण हरी.