चालत्या घराची बॅटरी



महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याची बातमी वाचून नववीच्या एका मुलाने विचारले, ‘‘कॅराव्हॅन म्हणजे काय?’’ आम्ही सांगितले, झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. घर बरोबर घेऊन फिरायचे. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘म्हणजे आमचा पडावच की!’’ वर्ग हसला, पण मुलगी चुकीचे बोलली नव्हती.

दिवाळीनंतर धुळे, नंदुरबार, डांग या भागांतून ऊसतोडणीसाठी माणसे बारडोली परिसरात येतात, हे आपण दरवर्षी पाहतो. बांबू आणि ताडपत्रीच्या खोपटांचा पडाव पडतो आणि हंगाम संपला की उठतो. त्यांची काही मुले तेवढे महिने आपल्या शाळेत बसतात. रात्री अभ्यासाला दिवा हवा म्हणून गेल्या हंगामात शाळेने एका पडावाला सोलर पॅनल, तीन एलईडी दिवे आणि बॅटरी दिली. पैसे वाचवावे म्हणून आम्ही ट्रकची बॅटरी घेतली. संक्रांतीच्या आधीच ती बसली आणि पुढचा सगळा हंगाम मुलांनी मोबाइलच्या उजेडात पुस्तके वाचली. चूक दुकानदाराची नव्हती, आमची होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून हा पाठ.

गाडीच्या बॅटरीचे काम इंजिन सुरू करण्याचे. काही सेकंद भरपूर करंट द्यायचा आणि लगेच पुन्हा चार्ज व्हायचे. त्यासाठी तिच्यात पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. पडावात मात्र बॅटरी रोज संध्याकाळी तासन्‌तास हळूहळू उतरते. अशा खोल उतरण्याने पातळ प्लेटांवरचा मसाला झडतो. इन्व्हर्टर आणि सोलरसाठी मिळणाऱ्या ट्युब्युलर बॅटरीत धन प्लेटेचा मसाला नळ्यांत भरलेला असतो, म्हणून ती हा त्रास सोसते.

आत काय घडते ते दहावीच्या मुलांनी नीट समजून घ्यावे. फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी १८५९ साली ही शिशाची बॅटरी तयार केली. मूळ रसायन आजही तेच आहे. एका प्लेटेवर शिसे, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड आणि मध्ये पातळ सल्फ्युरिक आम्ल. (आम्ही हिंदी माध्यमात याला ‘विद्युत अपघट्य’ म्हणून शिकलो, मराठीत ‘विद्युत अपघटनी’ म्हणतात, परीक्षेत मराठीच लिहावे!) वीज देताना दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. चार्ज करताना याच्या उलट घडते. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर सल्फेटचे खडे कठीण होतात आणि मग ते विरघळत नाहीत. आमची बॅटरी अशीच मेली.

किती मोठी बॅटरी घ्यावी? हे गणित आठवीचा मुलगाही करू शकतो. पाच वॅटचे तीन दिवे चार तास म्हणजे ६० वॅट-तास. चार मोबाइलचे साधारण ६० धरा. एकूण १२०. याला १२ व्होल्टने भागले की रोजचे १० अँपिअर-तास. मावठ्याचे ढग आले तर दोन दिवस चार्जिंगविना निघावे, म्हणून २०. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, म्हणून ४०. तिला ५० वॅटचे पॅनल पुरते. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो दिवसा जास्त चार्ज होऊ देत नाही आणि रात्री फार उतरण्याआधी दिवे बंद करतो. गेल्या वर्षी आम्ही तोही वाचवला होता.

देखभालीसाठी एक साधा मल्टिमीटर पुरतो. सकाळी पॅनल जोडण्याआधी, दिवे बंद ठेवून मोजावे. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. त्याखाली गेल्यास त्या रात्री मोबाइल लावू नयेत. पाणी महिन्यातून एकदा पाहावे. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, तेही पूर्ण चार्जिंगनंतर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडण्यापुरतेच. हातपंपाचे पाणी किंवा वरून अॅसिड घालू नये. टर्मिनलवर पांढरी बुरशी आली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून व्हॅसलीन लावावे, पण सोडा आत जाऊ देऊ नये. जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते का, असे पालक विचारतात. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीची उतरत नाही. फळी ठेवावी ती ओलीसाठी.

मातांना एक विशेष विनंती. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगीने तो पेटतो. म्हणून बॅटरी खोपटाबाहेर, हवेशीर पेटीत, चुलीपासून लांब असावी. धन टर्मिनलजवळ फ्यूज हवा. अॅसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत राहून दवाखान्यात न्यावे.

पडाव हलला की ही वीस किलोच्या आसपासची पेटी उभीच न्यावी लागते. इथे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बरी पडते. ती ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरवता येते, म्हणून २५ अँपिअर-तासाची पुरते. वजन तीन-चार किलो, पाणी घालायला नको, अॅसिड नाही. मात्र तिला जुळणारा कंट्रोलर लागतो आणि किंमत जास्त पडते. इतकी हलकी वस्तू चोरीलाही सोपी, हेही खरे.

विश्वस्तांना आमचा प्रस्ताव असा आहे. या हंगामासाठी दोन पडावांना ट्युब्युलर आणि ज्या पडावात तान्ही मुले जास्त आहेत तिथे एक लिथियम बॅटरी द्यावी. हंगामानंतर सर्व बॅटऱ्या शाळेत परत येतील. ट्युब्युलर पूर्ण भरून ठेवून दर महिन्याला चार्ज करू, लिथियम निम्मी भरून सावलीत ठेवू. मेलेली बॅटरी भंगारवाल्याला फोडू देणार नाही. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला अपाय करते. २०२२ च्या नियमांनुसार ती बॅटऱ्या गोळा करणाऱ्या किंवा त्यांचे पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडे जाईल.

व्होल्टची नोंदवही नववीची मुले ठेवतील. पहिले पान ‘‘आमचा पडावच की’’ म्हणणाऱ्या त्या मुलीने आखूनही ठेवले आहे.