पिटुनियाची दुखणी : आधी निदान, मग उपाय

पिटुनिया ही वांगे, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू यांच्याच सोलॅनेसी कुळातील दक्षिण अमेरिकी वनस्पती असून, तेथील पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांच्या रानटी जातींच्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात तिचे आजचे बागायती रूप सिद्ध झाले. महाराष्ट्रात ती हिवाळी हंगामी फुलझाडांत मोडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेली रोपे साधारणपणे मार्चपर्यंत फुलतात आणि उन्हाचा कडाका वाढला की संपतात. इतक्या तोकड्या हंगामात चुकीच्या उपचारात गेलेले पंधरा दिवस भरून निघत नाहीत. त्यामुळे घरबागेतील अनुभवाचा पहिला इशारा असा, की रोप बिघडलेले दिसताच झारी किंवा खताचा डबा हाती न घेता बिघाडाचे कारण शोधावे.

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे रोपाने मान टाकणे. कोरड्या मातीत रोप कोमेजते तसेच ते सतत ओल्या मातीतही कोमेजते, कारण हवा न मिळालेली मुळे बुरशीसदृश सूक्ष्मजीवांना बळी पडून कुजतात आणि सभोवती पाणी असूनही ते शोषून घेऊ शकत नाहीत. अशा वेळी रोप तहानलेले आहे असे समजून आणखी पाणी घातले जाते आणि उरलीसुरली मुळेही जातात. म्हणून मातीत बोट दोन पेरे खुपसून ओल पाहावी. माती ओली असूनही रोप संध्याकाळपर्यंत सावरले नाही, तर ते अलगद उपसून मुळे तपासावीत. निरोगी मूळ पांढरे व टणक असते, तर कुजलेले मूळ तपकिरी होते आणि चिमटीत धरून ओढल्यास त्याची साल सुटून आतला दोरा तेवढा हाती राहतो. बहुतेक मुळे अशी झाली असतील तर रोप मातीसह काढून टाकणेच शहाणपणाचे. थोडीच झाली असतील तर कुजका भाग कापून, माती, वाळू, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत यांच्या भुसभुशीत मिश्रणात रोप पुन्हा लावावे आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

पाने पिवळी पडल्यास कोणती पाने आधी पिवळी झाली, हे पाहणे निर्णायक ठरते. नत्र रोपामध्ये जुन्या पानांकडून नव्यांकडे वाहून नेले जात असल्याने त्याची उणीव खालच्या पानांत प्रथम दिसते. लोह मात्र तसे हलत नसल्याने त्याच्या कमतरतेत शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पहिल्या प्रकारात विद्राव्य खताची सौम्य मात्रा पुरते. दुसऱ्या प्रकारात दोष बहुधा मातीच्या सामूचा, म्हणजे आम्ल-विम्लतेच्या मापाचा असतो. पिटुनियाला ५.५ ते ६.५ सामूची किंचित आम्लधर्मी माती मानवते, तर दख्खनची चुनखडीयुक्त काळी माती आणि बोअरवेलचे जड पाणी विम्लतेकडे झुकणारे असल्याने मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. येथे नत्रखत वाढवण्याऐवजी काळ्या मातीचे प्रमाण कमी करावे, शक्य तेथे साठवलेले पावसाचे पाणी द्यावे आणि चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवल्यामुळे विरघळलेल्या स्थितीत टिकणारे लोह, वेष्टनावरील प्रमाणानुसार वापरावे.

वेलीसारख्या लांबलेल्या फांद्या आणि टोकाला एखाददुसरे फूल, ही तक्रार अपुरे ऊन, न खुडलेले शेंडे किंवा झाडावर राहिलेली बोंडे यांतून उद्भवते. किमान पाच-सहा तासांचे थेट ऊन आवश्यक आहे. सुकलेल्या फुलाच्या केवळ पाकळ्या ओढून काढल्या तर देठावरील बीजकोश तसाच राहून रोपाची शक्ती बियांकडे जाते, म्हणून फूल देठासह खुडावे. लांबलेल्या फांद्या एकदम न छाटता एका आठवड्यात एक तृतीयांश याप्रमाणे टप्प्याटप्प्याने छाटल्यास फुलोरा पूर्णपणे खंडित होत नाही.

पिटुनियाची पाने हाताला चिकट लागणे हा रोग नव्हे. तो पानांवरील ग्रंथियुक्त केसांचा स्वाभाविक गुण आहे. मावा किंवा पांढरी माशी आहे की नाही, हे पानांची खालची बाजू पाहूनच ठरवावे आणि कीड प्रत्यक्ष आढळल्यासच निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी करावी. पानांवर हिरव्या-पिवळ्या छटांचे ठिगळ दिसून ती वेडीवाकडी झाल्यास मात्र विषाणूचा संशय धरावा. तंबाखूवरील मोझॅक विषाणू पिटुनियालाही होतो आणि तो स्पर्शाने पसरतो. तंबाखू मळलेल्या हातांनी शेंडे खुडल्यासही तो रोपात शिरू शकतो, म्हणून हात साबणाने धुऊनच रोपांना हात लावावा. विषाणूवर औषध नाही. बाधित रोप इतरांपासून दूर नेऊन नष्ट करावे. तसेच रोगाने मेलेल्या पिटुनियाच्या कुंडीतील मातीत पुढे टोमॅटो, मिरची किंवा वांगे लावू नये, कारण कूळ एक असल्याने दुखणीही बरीचशी समान असतात, आणि एका कुंडीत दुर्लक्षिलेला रोग पुढच्या पिकाला वारसा म्हणून मिळतो.